पैसे पाण्यात? घरच्या कम्प्युटरच्या वॉटर कूलिंगचे गणित

'पैसे पाण्यात गेले' हा आपल्या आजी-आजोबांचा आवडता वाक्प्रचार. कम्प्युटरच्या बाजारात मात्र हल्ली पैसे अक्षरशः पाण्यात घालायची सोय झाली आहे! दुकानात जा, काउंटरवरचा पोरगा प्रोसेसर दाखवतो, मदरबोर्ड दाखवतो आणि मग हळूच विचारतो, "लिक्विड कूलिंग टाकायचं ना?" समोर काचेच्या कॅबिनेटमध्ये रंगीत दिवे फिरत असतात, दोन काळ्या नळ्या डौलात वळलेल्या असतात. नाही म्हणायला जीभ वळत नाही. दोन हजारांच्या एअर कूलरऐवजी आपण पाच-सहा हजारांचा छोटा लिक्विड कूलर घेऊन येतो आणि महिनाभरात कुरकुर सुरू होते : "पाणी घातलं तरी एवढं गरम कसं?"

आमच्या वर्गात ही कुरकुर इतक्यांदा ऐकली की शेवटी तिसऱ्या वर्षाचा हीट ट्रान्स्फरचा पेपर खऱ्या आयुष्यात कुठेतरी वापरून बघावा म्हटलं. हा लेख म्हणजे त्याचीच बेरीज-वजाबाकी. घाबरू नका, डेरिव्हेशन एकही नाही. एफ.ई.च्या मुलांनाही समजेल असा गुणाकार-भागाकार तेवढा आहे.

माठ वेगळा, नळी वेगळी

सगळ्या गैरसमजाचे मूळ एका शब्दात आहे : पाणी. पाणी म्हटलं की आपल्याला माठ आठवतो. नागपूरकरांना तर वाळ्याचा वास सोडणारा खिडकीतला कूलर आठवतो. मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला असताना हा कूलर खोलीत बऱ्यापैकी गार हवा फेकतो. मग कम्प्युटरमधल्या पाण्याने तसंच करायला काय हरकत आहे?

हरकत अशी, की माठ आणि खिडकीतला कूलर गार होतात ते पाण्याची वाफ होऊन उडून जाते म्हणून. वाफ होताना पाणी अप्रकट उष्मा घेऊन जाते आणि मागे राहिलेले पाणी हवेपेक्षाही गार होते. कोराडीच्या वीज केंद्राचे ते उंच कूलिंग टॉवर हेच काम मोठ्या प्रमाणावर करतात. कम्प्युटरच्या लिक्विड कूलरमध्ये मात्र पाणी सीलबंद असते. ते कुठेही उडून जात नाही. पंप त्याला प्रोसेसरवरच्या तांब्याच्या ब्लॉकपासून रेडिएटरपर्यंत आणि तिथून परत ब्लॉकपर्यंत फिरवत राहतो. बस्स!

म्हणजे पाणी उष्णता संपवत नाही, फक्त तिची हमाली करते. ओझे शेवटी उतरवायचे ते हवेतच, आणि तेही आपल्या खोलीतल्या हवेत. त्यामुळे हे पाणी खोलीच्या तापमानापेक्षा कधीच गार होऊ शकत नाही. याची एक चांगली बाजूही आहे : पावसाळ्यात नळ्यांवर दव साचून मदरबोर्ड भिजेल अशी भीती अनेकांना वाटते, ती उगाच. हवेपेक्षा गरम असलेल्या नळीवर दव धरत नाही.

हमाल तगडा, पण गोदामाचे दार अरुंद

आता गणित. समजा आपला प्रोसेसर भराला १५० वॅट उष्णता टाकतो आहे. मिनिटाला झाले ९००० ज्यूल. पंप मिनिटाला एक लिटर, म्हणजे एक किलो पाणी फिरवतो असे धरू. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता किलोला ४१८६ ज्यूल. भागाकार केला तर ब्लॉकमधून जाताना पाणी जेमतेम २ अंशांनी तापते. एवढंच! पाणी खरोखर तगडा हमाल आहे. त्यामुळे 'आमचा पंप जास्त जोरदार' या जाहिरातीला फार भुलू नये. आधीच २ अंशांवर असलेला फरक पंप दुप्पट करून १ अंश होईल, एवढीच कमाई.

आता दुसऱ्या टोकाला या. स्वस्त किटला १२० मिलिमीटरचा एकच पंखा असतो. खोक्यावर त्याचा हवेचा आकडा मोठा छापलेला असला, तरी तो मोकळ्या हवेतला असतो. रेडिएटरच्या दाट पत्र्यांतून मिनिटाला २५ घनफूट हवा गेली असे धरू. तिचे वजन भरते साधारण ८०० ग्रॅम आणि हवेची विशिष्ट उष्माधारकता किलोला सुमारे १००५ ज्यूल. तेच ९००० ज्यूल या हवेवर लादले तर ती ११ अंशांनी तापते. म्हणजे पाणी हवेपेक्षा किमान ११ अंशांनी गरम हवेच, आणि तेही रेडिएटर शंभर टक्के परिपूर्ण असला तर. तसा तो नसतो. त्याची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर फरक होतो १७ अंश.

बघा, गंमत कशी आहे! पाण्याच्या बाजूला २ अंश आणि हवेच्या बाजूला १७. अडवणूक हवेकडे आहे आणि आपण पैसे मोजतो पाण्यासाठी.

आता नागपूरची खोली घ्या, ३८ अंशांची. पाणी झाले ५५ अंश. प्रोसेसरच्या चकतीपासून त्यावरचे झाकण, थर्मल पेस्ट, तांबे असे सगळे अडथळे ओलांडून पाण्यापर्यंत यायला आणखी सुमारे ३० अंशांचा फरक लागतो असे धरू. प्रोसेसर झाला ८५. तोच कम्प्युटर २४ अंशांच्या एसी खोलीत ठेवला तर ७१. एकही स्क्रू न फिरवता १४ अंशांचा फरक! परदेशातल्या परीक्षणांत जे आकडे दिसतात ते बहुतेक थंड खोलीतले असतात. त्यात आपल्या खोलीचा फरक मिळवल्याशिवाय ते आपल्या उपयोगाचे नाहीत. आणि हा फरक थेट मिळवायचा, वर्गमूळ-बिर्गमूळ काही नाही.

यातले ते ३० अंश लक्षात ठेवा. ते कूलर बदलून हलत नाहीत, कारण ते प्रोसेसरच्या पोटातले आणि पेस्टमधले आहेत. २०१२ साली इंटेलने 'आयव्ही ब्रिज' प्रोसेसरमध्ये चकती आणि झाकण यांच्यामध्ये सोल्डरऐवजी पेस्ट वापरली, तेव्हा हौशी लोक झाकण कापून आतली पेस्ट बदलत होते, ते याच कारणाने. बाहेर कितीही पाणी खेळवा, आतला अडसर आतच राहतो.

टॉवर कूलरमध्येसुद्धा पाणीच!

ही गोष्ट मला स्वतःला सगळ्यात आवडते. ज्याला आपण एअर कूलर म्हणून नाक मुरडतो, त्या टॉवर कूलरच्या तांब्याच्या नळ्या भरीव नसतात. त्या हीट पाइप असतात. आत हवा काढून टाकलेली आणि थोडेसे पाणी भरलेले. खालच्या टोकाला प्रोसेसरच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफ वर पळते, पत्र्यांच्या बाजूला तिचे परत पाणी होते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून, कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढते तसे, ते खाली येते. पंप नाही, वीज नाही, आवाज नाही.

जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांनी या कल्पनेचे पेटंट १९४४ मध्येच मिळवले होते. १९६३ मध्ये लॉस अलामोसच्या जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे पुढे आणली आणि मग ती अंतराळयानांपासून लॅपटॉपपर्यंत पोचली. पाण्याचा बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा ४०-५० अंशांना किलोला सुमारे २४ लाख ज्यूल असतो. आपले मिनिटाचे ९००० ज्यूल वाहायला फक्त पावणेचार ग्रॅम पाण्याची वाफ पुरते. एक चमचाभर पाणी एक लिटरचे काम करते! आणि पुढे? पुढे तोच १२० मिलिमीटरचा पंखा, तीच खोलीतली हवा. मग एका पंख्याचा लिक्विड कूलर चांगल्या टॉवरच्या पुढे जाणार तरी कसा? दार तेवढेच, तर गर्दी बाहेर पडायला वेळही तेवढाच.

मग बाइकला कसे जमते?

व्हायवाला हमखास येईल असा प्रश्न. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनांच्या बाइक रस्त्यावर ढिगाने आहेत, पण २०१२ साली आलेली पल्सर २०० एन.एस. लिक्विड-कूल्ड. तिचा रेडिएटर तर वहीएवढा, मग तो इंजिनाची एवढी आग कशी झेलतो?

उत्तर तापमानाच्या फरकात आहे. इंजिनातले कूलंट ९० अंशांच्या आसपास सुखाने राहते. बाहेर ४० अंश असले तरी फरक ५० अंशांचा. आपल्या कम्प्युटरमध्ये फरक १७ अंशांचा. उष्णता फरकाच्या प्रमाणात वाहते, म्हणजे तोच रेडिएटर तेवढ्याच वाऱ्यात बाइकवर तिप्पट उष्णता फेकेल. शिवाय धावत्या बाइकला समोरून वारा फुकट मिळतो. आपल्या कॅबिनेटला मिळतो तो ग्राफिक्स कार्डचा गरम उच्छ्वास. आरटीएक्स ३०६० सारखे मधल्या किमतीचे कार्डसुद्धा १७० वॅट उष्णता त्याच डब्यात ओतते. रेडिएटर मागच्या बाजूला लावून आतली हवा बाहेर फेकायला लावला, तर त्याच्यासाठी 'खोली' म्हणजे ते तापलेले कॅबिनेट. पुढे लावून बाहेरची हवा आत घ्यायला लावला, तर प्रोसेसर सुखी पण कार्ड दुःखी. सासू-सुनेचे भांडण आहे हे, एकीची बाजू घेतली की दुसरी रुसणारच.

पहिल्या दहा मिनिटांची जादू

बरं, इतकं असूनही दुकानात डेमो दाखवतात तेव्हा तापमान मस्त दिसते. ते कसं? किटमधले साधारण २०० ग्रॅम पाणी, ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि तांब्याचा ब्लॉक मिळून एक अंश तापायला जवळपास १२७० ज्यूल लागतात. पाणी १७ अंश चढून स्थिर व्हायला आठ-दहा मिनिटे जातात. त्याआधी दोन मिनिटांची टेस्ट घेतली की आकडा छान येणारच! टॉवरमध्ये एवढा साठा नसतो, तो लवकर आपल्या खऱ्या तापमानाला पोचतो. म्हणून कूलरची परीक्षा घ्यायची तर किमान अर्धा तास भार द्या आणि शेजारी खोलीचे तापमान लिहून ठेवा. खोलीचे तापमान न लिहिलेली टेस्ट म्हणजे युनिट न लिहिलेले उत्तर. सर अर्धे मार्क कापतात ते बरोबरच.

आणखी एक वैताग नव्या प्रोसेसरचा. २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७००० मालिकेतले 'एक्स' अक्षराचे प्रोसेसर मुळातच ९५ अंशांपर्यंत जाऊन काम करायला बनवलेले आहेत. वाव मिळाला की ते वेग वाढवतात आणि पुन्हा ९५ च्या दिशेने निघतात. पाच हजार खर्चून स्क्रीनवर तोच आकडा दिसला की माणूस हताश होतो. तिथे तापमान न बघता किती मेगाहर्ट्झ वाढले ते बघायला हवे आणि ते बहुधा खर्चाच्या मानाने थोडेच असतात.

बुडबुडे, गुणगुण आणि धातूंचे वैर

तापमानाचे झाले, आता रोजच्या कटकटी.

पहिली, पंपाची गुणगुण. पंखा भार नसताना मंद होतो, पंप मात्र कायम फिरत राहतो. रात्री अभ्यासाला बसलं की तो डासासारखा कानाशी वाजतो. त्यातून पाण्याचे रेणू वर्षानुवर्षे रबरी नळ्यांच्या भिंतीतून अगदी हळू बाहेर झिरपतात आणि आत हवेचा बुडबुडा वाढत जातो. हवा नेहमी सर्वांत उंच जागी जाऊन बसते. तुमच्या जोडणीत पंपच सर्वांत उंच असेल तर बुडबुडा पंपात. मग गुणगुणीची खरखर होते. नियम साधा : रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच हवा. दुकानात घाईघाईत जोडताना नेमका हाच नियम मोडलेला मी बघितला आहे.

दुसरी, धातूंचे वैर. बहुतेक स्वस्त किटमध्ये ब्लॉक तांब्याचा आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा असतो. बारावीचा तक्ता आठवा : तांबे अधिक ०.३४ व्होल्ट, ॲल्युमिनियम उणे १.६६. दोघांच्यात २ व्होल्टचे अंतर, आणि मध्ये पाणी. म्हणजे आपण हौसेने एक सेलच तयार केला की! कारखान्यात भरलेल्या द्रवात क्षरणरोधक असते म्हणून तो काही वर्षे गप्प बसतो. ते संपत आले की ॲल्युमिनियम झिजते आणि त्याचा गाळ ब्लॉकच्या केसाएवढ्या बारीक खाचांत जाऊन अडकतो. स्वतः किट जोडणाऱ्यांनी तर नळाचे पाणी कधीच वापरू नये, त्यातले क्लोराइड ॲल्युमिनियमचे संरक्षक कवच फोडते. स्लोव्हेनियाच्या ईके कंपनीने २०१७ मध्ये नवशिक्यांसाठी स्वस्त किट आणले, तेव्हा ते पूर्ण ॲल्युमिनियमचे ठेवले होते आणि त्यात तांब्याचे भाग मिसळू नका असे बजावले होते. स्वस्त करायला धातू बदलला खरा, पण पुढे वाढवायची वाट बंद. पुढच्या वर्षी चांगला ब्लॉक घेऊ म्हणणाऱ्याला सगळेच पुन्हा विकत घ्यावे लागते.

तिसरी कटकट, दुरुस्ती. आमच्या प्रोजेक्ट ग्रुपमधल्या एका मित्राचा १२० मिलिमीटरचा लिक्विड कूलर सबमिशनच्या आठवड्यात बंद पडला. पंप थांबला की काय होते तेही गणितच सांगते : ब्लॉकमधले २०० ग्रॅम तांबे १५० वॅटला सेकंदाला जवळपास २ अंशांनी तापते. अर्ध्या मिनिटात प्रोसेसर वेग कमी करून जीव वाचवतो, आणि आपले सिम्युलेशन बैलगाडीच्या वेगाने चालू लागते. वॉरंटी होती. पण सीलबंद वस्तू ना, दुकानदार उघडू शकत नाही. सर्व्हिस सेंटरने तो दुसऱ्या शहरात पाठवला आणि पाच आठवडे 'पार्ट येतोय' एवढंच ऐकायला मिळालं. तोवर मशीन कपाटावर. सबमिशन आम्ही कॉलेजच्या लॅबमध्ये रांगा लावून केलं. टॉवर कूलरचा पंखा गेला असता तर दुसरा पाच-सहाशे रुपयांत त्याच संध्याकाळी मिळाला असता. शिवाय पंखा थांबला तरी अर्धा-पाऊण किलो धातू जागेवर असतो, हलके काम चालून जाते.

मग पाणी वाईटच का?

अजिबात नाही! आयबीएमने १९८० मध्ये जाहीर केलेला ३०८१ हा मोठा कम्प्युटर पाण्यावरच थंड होत होता, कारण तिथे उष्णता फेकायला स्वतंत्र व्यवस्था होती. ॲपलने २००४ मध्ये २.५ गिगाहर्ट्झच्या पॉवर मॅक जी-५ मध्ये कारखान्यातूनच लिक्विड कूलिंग दिले. त्यातल्या काही मशीनमध्ये पुढे गळती झाली हा भाग वेगळा. २००९ मध्ये कोर्सेअरचा एच-५० आला. डेन्मार्कच्या असेटेकने बनवलेला हा सीलबंद कूलर, आणि तेव्हापासून ही वस्तू सामान्य ग्राहकाच्या हाती आली.

पाण्याचा खरा फायदा असा, की उष्णता उचलण्याची जागा आणि फेकण्याची जागा वेगळ्या ठेवता येतात. म्हणून रेडिएटर मोठा करता येतो. आपल्याच उदाहरणात दोन पंख्यांचा २४० मिलिमीटरचा रेडिएटर लावला तर हवा दुप्पट, आणि १७ अंशांचे साडेआठ होतात. ३६० लावला तर पावणेसहा. पण छोट्या किटमध्ये नेमका हा एकमेव फायदाच कापून टाकलेला असतो. राहतात ते फक्त पंप, नळ्या आणि त्यांचे सगळे आजार.

एका बाबतीत मात्र छोट्या लिक्विड कूलरचीही बाजू घ्यायला हवी. नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा थोरला टॉवर पंख्यांसकट १.३२ किलोचा आहे. असले ओझे मदरबोर्डवर लटकवून दर सुट्टीत एस.टी.ने गावी न्यायचे म्हणजे खड्ड्याखड्ड्याला जीव वर-खाली. किंवा कॅबिनेटच इतके बुटके असेल की टॉवर मावतच नाही. तिथे पाण्याला पर्याय नाही.

सारांश, परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठी

१. प्रोसेसर किती वॅट खातो ते आधी बघा. ६५ वॅटवाला रायझन प्रत्यक्षात ८८ पर्यंत जातो, इंटेलचा आय-५ १२४०० जातो ११७ पर्यंत. दोन हजारांच्या आसपासचा चांगला टॉवर यांना पुरतो.

२. १२० मिलिमीटरचा लिक्विड कूलर फक्त जागेची अडचण असेल तरच. नाहीतर पाणी घ्यायचेच तर किमान २४० चे.

३. त्याआधी कॅबिनेटला जाळीचा पुढचा दरवाजा आणि एक-दोन जादा पंखे. हवेचे दार रुंद करणे हा सगळ्यात स्वस्त उपाय.

४. दर दोन महिन्यांनी ब्रशने धूळ काढा. रेडिएटर आणि पंखा यांच्यामध्ये धुळीची गोधडी तयार होते, ती बाहेरून दिसत नाही.

५. विकत घेताना तापमानाचा आकडा विचारू नका. विचारा : बिघडला तर इथेच मिळेल का, आणि किती दिवसांत?

मित्रांनो, आपल्यापैकी बहुतेकांचे मशीन आई-बाबांनी पी.एफ. किंवा बोनसमधून घेऊन दिलेले असते. कूलरमध्ये वाचलेले तीन-चार हजार म्हणजे जादा रॅम किंवा मोठी एसएसडी, आणि त्याने प्रोजेक्ट खरंच वेगात पळतो. दिव्यांचा झगमगाट आवडत असेल तर जरूर घ्या, हौसेला मोल नसते. फक्त ती हौस आहे हे बिल देताना माहीत असू द्या. मग पैसे पाण्यात गेले असे कुणी म्हणणार नाही. आणि काउंटरवरच्या पोराने पुन्हा विचारलं, "लिक्विड टाकायचं ना?", तर त्याला उलट विचारा, "दादा, रेडिएटर केवढा?"